द्विवचन

मेतो लापान दर बुधवारी येतो, सव्वानऊला,
पायपुसण्यावर बूट तीनदा घासून,
जणू खाणीतला कोळसा अजून तळव्याला आहे.
पोरं त्याला आजोबा म्हणत नाहीत. मेतो म्हणतात.
त्यानंच सांगितलंय तसं.

माझी सोरबी शिकवणीतली:
संध्याकाळचे वर्ग, दोन हिवाळे, शेवटी प्रमाणपत्र.
माझी चूक होत नाही, आणि तेच त्याला खटकतं.
"तू बोलतेस," एकदा म्हणाला,
"इस्त्री केलेल्या चादरीसारखं. कुणी झोपलंच नाही तिच्यावर."
मी हसले. घरी जाऊन थोडी रडले.
पुढच्या बुधवारी माझी खुर्ची त्याच्याकडे सरकवली
आणि पोरांबरोबर खाली बसले.

पुस्तकात पान एकेचाळीसवर द्विवचन आहे.
एकाला एक रूप, पुष्कळांना दुसरं,
आणि फक्त दोघंच असतील तर तिसरंच,
सर्वनामापासून क्रियापदाच्या शेपटीपर्यंत.
मेय. आपण दोघं.
कुणी दारातून आत आलं की शब्द बदलायचा.
मी ते तक्त्यातून पाठ केलं.
मेतोनं ते वोर्शाबरोबर वापरलं, त्रेचाळीस वर्षं:
उठूया, जेवूया, दिवा घालवूया.
मुलगी खोलीत आली की दोघं जर्मनवर यायची.
तिचं भलं व्हावं म्हणून.
शाळेत तिला कुणी हसू नये म्हणून.
त्यामुळे त्या घरात
अनेकवचन कधी लागलंच नाही.

वोर्शा गेली.
"कुत्र्याशी बोलून पाहिलं," तो म्हणतो,
"पण कुत्रं जर्मन निघालं."

जिल्हा कचेरीतून फॉर्म आलाय.
अनुदान हवं तर भाषकांची संख्या द्या:
अस्खलित किती, कामचलाऊ किती.
मी स्वतःला कामचलाऊत टाकलं.
मेतोपाशी पेन अडलं.
ज्याच्याशी बोलायला कुणी नाही
तो अस्खलित कुणाच्या साक्षीनं?

त्याचं गाव दुबोव्का. आता तळ्याखाली आहे.
आधी खाणीनं खाल्लं, मग खड्ड्यात पाणी सोडलं,
आता काठावर आइस्क्रीमची टपरी, शिडाच्या होड्या,
आणि पाटी, दोन भाषांत. आपली खाली, बारीक.
गावाच्या वेशीत यंत्र शिरलं
त्या पाळीला चाकावर मेतोच होता.
हे त्यानं मला कधी सांगितलं नाही.
बाकी सगळे सांगतात.

काल टिल्डानं त्याचं बोट धरलं.
वय साडेचार, एक दात नुकताच पडलेला.
"चल, बाहेर जाऊया," म्हणाली, आणि वापरलं अनेकवचन.
मेतो थांबला. खाली वाकला.
"दोघंच आहोत ना? मग मेय म्हण."
हे म्हणताना त्याचा आवाज
बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या खिडकीसारखा करकरला.
टिल्डानं खिशातून हिरवा डायनासोर काढला.
"तीन," म्हणाली.

काय बोलणार? व्याकरण तिच्या बाजूनं होतं.
"याला आपल्यात काय म्हणतात?" तिनं विचारलं.
मी तोंड उघडलं. पुस्तकातला शब्द तयार होता,
लांबलचक, कुणा समितीनं बसवलेला.
मेतो मात्र शेताच्या टोकाकडे पाहिल्यासारखा भिंतीकडे पाहत राहिला.
"झुबात्स," म्हणाला मग. "दाताळ.
माझी आई म्हणायची.
दुसऱ्या एकाला म्हणायची, पण चालेल."

शब्दकोशात नाही तो. मी शोधला.
कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलाय,
कसा लिहायचा ते बुधवारी विचारायचंय.

तोवर अकरा तोंडांत गेला होता.
वाळूच्या हौदात पोरांनी घरं बांधली,
काटक्यांचं कुंपण, बाटलीच्या झाकणाची विहीर,
आणि टिल्डा ओरडत आली, झुबात्स! झुबात्स!
हिरवा जबडा पहिल्या छपरावर टेकला.
मेतो टोपी हातात घेऊन उभा होता.
"हळू," म्हणाला तो, तिच्या भाषेत, त्याच्या भाषेत,
"हळू गं. आत माणसं आहेत."